गोटमार आणि न संपलेली गोष्ट

परवाची गोष्ट. कन्यारत्नाची परीक्षा संपली आणि तिने एक जपानी कार्टून मालिका बघायला घेतली. 'निऑन जेनेसिस इव्हांजेलियन' हे तिचं नाव. कार्टून म्हटलं की आपल्या पिढीला मोगली आठवतो. हे प्रकरण निराळंच होतं. १९९५ च्या ऑक्टोबरात जपानी टीव्हीवर सुरू झालेली आणि १९९६ च्या मार्चमध्ये संपलेली सव्वीस भागांची मालिका, दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. शिंजी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा, त्याला टाकून गेलेला बाप, आणि त्या बापाच्या हुकुमावरून अजस्र यंत्रमानवात बसून लढाया. संध्याकाळी ऑफिसातून येऊन चहा घेता घेता मीही बघू लागलो आणि अडकलो.

शेवटाला मात्र आम्ही दोघेही चक्रावलो. चोवीस भाग ज्या लढाईची वाट बघायची तिचं शेवटी काय झालं ते दाखवतच नाहीत. शेवटचे दोन भाग घडतात त्या मुलाच्या मनात. प्रश्न, उत्तरं, रेघोट्यांची चित्रं, आणि अगदी शेवटी सगळी पात्रं त्याच्याभोवती गोल उभी राहून टाळ्या वाजवतात, अभिनंदन करतात. संपलं! प्रेक्षक इतके गोंधळले की १९९७ मध्ये वेगळ्या शेवटाचा सिनेमा काढावा लागला. त्यात सगळ्या माणसांच्या मधल्या भिंती विरघळतात, सगळे मिळून एक समुद्र होतो. दुखावणारं कुणी नाही, कारण दुसरं कुणी उरतच नाही. शिंजी ते नाकारतो आणि वेगळं माणूस म्हणून परत येतो. तांबड्या समुद्राच्या काठावर तो आणि एक मुलगी. तो तिचा गळा आवळू लागतो, ती त्याच्या गालावरून हात फिरवते, तो रडतो. तिथेही पुढे काय ते सांगितलेलं नाही. मग २०२१ मध्ये आणखी एक सिनेमा, आणखी एक शेवट. म्हणजे पंचवीस वर्षं माणूस एकाच गोष्टीचा शेवट शोधतोय.

"बाबा, मग खरा शेवट कुठला?" कन्येने विचारलं.

आता मी सरकारी कारकून. आमच्याकडे फाईल बंद झाल्याशिवाय कपाटात जात नाही. पण मला त्या क्षणी फाईल आठवली नाही. आठवली ती पांढुर्ण्याची जाम नदी.

ते कसं काय, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी, पांढुर्णा अजून छिंदवाडा जिल्ह्यात होतं तेव्हा, मी तिकडे गेलो होतो. (ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला.) एका प्रशिक्षणात सौंसरचे एक गृहस्थ भेटले होते. त्यांनी आग्रह केला, "पोळ्याले या भाऊ, दुसऱ्या दिवशी तुम्हाले गोटमार दाखवतो." पोळा म्हणजे श्रावणी अमावास्या, म्हणजे आपली चवथ तीन-चार दिवसांवर! माटोळीचं सामान आणायच्या वेळी मी नागपूरच्या गाडीत बसलो, त्याबद्दल घरात काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

तो मुलूख बघून गोमंतकीय माणसाला एकदम ओळखीचं वाटतं. राज्य मध्य प्रदेश, ऑफिसातले कागद हिंदी, आणि घरातली बोली मराठी. देवगडचे गोंड राजे, मग नागपूरकर भोसले, मग इंग्रजांचा मध्य प्रांत, असा इतिहास. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याबरोबर हे दोन मराठी तालुकेही राहिले. कापूस आणि संत्र्यांचा हा प्रदेश. पोळ्याला बैल सजवतात ते बघत राहावं असं. आणि त्या हिंदी राज्यातल्या जत्रेचं नाव बघा : गोटमार. गोटा म्हणजे दगड, मार म्हणजे मार. नावाला भाषांतर लागत नाही.

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, पूजा करतात. मग एका काठावर पांढुर्ण्याची माणसं, दुसऱ्या काठावर सावरगावची, आणि मध्ये दगडांचा पाऊस. पांढुर्णेकरांनी झाडापर्यंत पोचून ते तोडायचं आणि झेंडा न्यायचा, सावरगावकरांनी तो राखायचा. संध्याकाळी झेंडा चंडीमातेच्या देवळात पोचला की गोटमार संपली.

आम्ही एका गच्चीवरून बघत होतो. लांबून तो खेळच वाटतो. मग एक माणूस डोकं धरून खाली बसला, दोघांनी त्याला उचललं, आणि मला पुढे बघवेना. दरवर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात. १९५५ पासून डझनाहून अधिक माणसं या एका दिवसापायी गेली आहेत. प्रशासनाने जमावबंदी लावून बघितली, गोफणीवर बंदी घातली, दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले. चेंडू पडून राहिले. नदीत दगडांना काय तोटा!

हे सगळं कशासाठी? तर त्यामागे एक गोष्ट सांगतात. पांढुर्ण्याच्या मुलाचं सावरगावच्या मुलीवर प्रेम जडलं. एके पहाटे तो तिला घेऊन निघाला. नदीच्या मधोमध पोचले तेव्हा सावरगावच्या लोकांना सुगावा लागला आणि त्यांनी दगड मारायला सुरुवात केली. ते बघून पांढुर्णेकर आपल्या मुलाच्या बचावाला आले आणि त्यांनीही दगड उचलले.

आणि मग?

इथेच गंमत आहे. गच्चीवर आमच्याबरोबर पाच-सहा जण होते. एकाने सांगितलं, दोघेही नदीतच मेले, मग दोन्ही गावांना पश्चात्ताप झाला, त्यांनी दोघांना चंडीमातेपाशी नेऊन पूजा केली आणि अंत्यसंस्कार केले. दुसरा म्हणाला, छे, पांढुर्णेकरांनी त्यांना सुखरूप आपल्या काठावर आणलं, म्हणून तर झेंडा इकडे येतो. तिसऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दोघांनाही उडवून लावलं : प्रेमबीम काही नाही, भोसल्यांचे सैनिक नदीकाठी दगडफेकीचा सराव करायचे, त्याचीच ही जत्रा झाली. तिघेही शपथेवर सांगत होते आणि तिघांनाही एकमेकांचं म्हणणं ठाऊक होतं!

मी माझ्या सौंसरच्या मित्राला विचारलं, "खरं कुठलं?" तो म्हणाला, "खरं काय असते भाऊ? झेंडा तेवढा खरा."

तेव्हा मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

अशा गोष्टींकडे आपण कोड्यासारखे बघतो. कुठेतरी उत्तर दडवलेलं आहे, खुणा जुळवल्या की सापडेल. इव्हांजेलियनमध्येही क्रूसच क्रूस दिसतात, देवदूतांची नावं असलेले शत्रू येतात. आम्हा गोंयकारांना क्रूसाचं काय अप्रूप, नाक्यानाक्यावर आहेत, पण कन्या वहीत खुणा लिहून अर्थ लावू लागली. या मालिकेचे सहायक दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी नंतर सांगून टाकलं की त्या चिन्हांमागे तसा ख्रिस्ती अर्थ नाही, जपानी प्रेक्षकांना ती अपरिचित आणि गूढ वाटतात म्हणून घेतली. तिचा चेहरा पडला. पण मला वाटतं, चिन्हाचा अर्थ ते कुणी कशासाठी काढलं एवढ्यावर ठरत नाही, माणसं त्याच्याशी कशी वागतात त्यावरही ठरतो. पळसाचं झाड म्हणजे एरवी लाकूड. त्या दिवशी मात्र सावरगावकर त्याला लेक मानतात आणि पांढुर्णेकर सून. लेक राखायची म्हणून एकजण दगड मारतो, सून आणायची म्हणून दुसरा. जी मुलगी गोष्टीत आहे तिला काय हवं होतं, ते झाडाला कोण विचारणार?

आणि मला वाटतं, गोष्टीचा शेवट मोकळा राहिला तो याच कारणाने. दोघे मेले म्हणावं, तर मारलं कुणी? दगड दोन्ही काठांवरून आले होते. सुखरूप पोचले म्हणावं, तर सावरगावची लेक राजीखुशीने गेली हे मान्य करावं लागतं. सैनिकांचा सराव म्हणावं, तर प्रश्नच मिटला, मुलगी गोष्टीतूनच नाहीशी झाली. प्रत्येक शेवट कुणाला तरी अडचणीचा आहे. म्हणून गाव कुठलाच शेवट धरत नाही आणि कुठलाच सोडतही नाही.

आपल्याकडे सत्तरीत झर्म्याचा चोरोत्सव आहे. निरपराध माणसांना चोर समजून गावाने मारलं, अशी त्यामागची कथा. तिथे माणसांना जमिनीत पुरून तो प्रसंग उभा करतात. बघताना अंगावर काटा येतो, पण तिथे गाव स्वतःची चूक दरवर्षी स्वतःला दाखवतं. गोटमारीत चूक दाखवत नाहीत, पुन्हा करतात. दोहोंत फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे. पुरलेला माणूस संध्याकाळी घरी जातो. दगड लागलेला जाईलच असं नाही.

तरी गोटमारीची संध्याकाळ मी विसरलेलो नाही. त्या वर्षी पांढुर्णेकरांना दिवसभरात झाड तोडता आलं नाही. ऊन उतरलं, दगड थांबले. दोन्हीकडची चार जाणती माणसं पुढे झाली, बोलणी झाली आणि सावरगावकरांनी झेंडा देऊन टाकला. झालं ते असं, सहमतीने! दिवसभर ज्याच्यासाठी डोकी फुटली तो झेंडा हातातून हातात गेला आणि चंडीमातेच्या जयजयकारात वाजतगाजत देवळाकडे निघाला. अनेक वर्षी असंच होतं, असं मित्र म्हणाला. म्हणजे शेवट गावाला ठाऊक आहे. लेकीला आपल्या हाताने पाठवायचं, हा तो शेवट. फक्त त्याच्याकडे जायची वाट दगडांतूनच जाते असं त्यांनी धरून ठेवलंय. सकाळीच तो झेंडा दिला तर काय बिघडेल, असं मी विचारलं. मित्र हसला आणि म्हणाला, "मग मेळा कायचा?"

असो. हे सगळं कन्येला सांगताना मी एक गोष्ट गाळली. ती इथे लिहितो.

आमचं घर चोडणचं. माझ्या जन्माआधी, सत्तरच्या दशकात, माझी एक आत्या दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर निघून गेली. सकाळच्या फेरीबोटीने रायबंदरला उतरली, एवढंच सगळे सांगायचे. लहानपणी मी आजीला विचारायचो, "मग पुढे काय झालं?" आजी म्हणायची, "पुढे काय नाय." कुणी म्हणायचं ती मुंबईत आजारी पडून गेली, कुणी म्हणायचं त्याने तिला टाकलं, एक काका तर अशी कुणी आत्या नव्हतीच असं सांगायचे. आमच्या घरी दगड कुणी मारले नाहीत. फक्त तिचं नाव घेणं बंद केलं.

२००३ साली मी तिला शोधून काढलं. बेळगावात होती. दोन मुलगे, स्वतःचं छोटं घर, बेताचा संसार. मला भाकरी वाढली, घरच्या एकेकाची चौकशी केली. गाठ मारून ठेवलेलं काही बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. निघताना तिने एवढंच विचारलं, "आई कधी नाव काढायची का रे माझं?"

मी "हो" म्हटलं. ते खोटं होतं. आजी तोवर गेलेली होती.

आत्याही आता नाही. पण आमच्या घरात तिच्या गोष्टीचे तीन शेवट अजून चालू आहेत, आणि खरा शेवट, म्हणजे बेळगावातला तो बेताचा संसार, मी सोडून कुणाला नको होता. सुखाने राहिली म्हटलं तर मग आपण तीस वर्षं गप्प का बसलो, याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

म्हणून कन्येने खरा शेवट कुठला विचारलं तेव्हा मी तिला एवढंच म्हणालो की ज्याला जो शेवट हवासा वाटतो, तो का हवासा वाटतो ते आधी बघ. ती म्हणाली, "बाबा, हे उत्तर नव्हे." बरोबर आहे तिचं.

यंदा चवथीला सगळे चोडणला जमतील. आत्याचा एक फोटो बेळगावहून येताना मी आणला होता. तो वीस वर्षं माझ्या टेबलाच्या खणात आहे. या खेपेला तो घेऊन जावा म्हणतो. कुणी विचारलं ही कोण, तर सांगेन. आणि कन्या विचारणारच.