बालकामगार पुनर्वसन प्रकल्प : नियोजन व अंदाजपत्रक

कामातून सोडवलेल्या मुलांना शाळेत आणण्यासाठी आखलेली, ठरावीक मुदतीची व निधीची योजना. भारतातील प्रमुख उदाहरण १९८८ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील संस्था आधी पाहणी करी, मग ९ ते १४ वयाच्या मुलांसाठी केंद्रे उघडी. शिक्षण, भोजन, आरोग्य तपासणी व विद्यावेतन हा खर्चाचा मुख्य भाग. एप्रिल २०२१ पासून ही योजना समग्र शिक्षा अभियानात विलीन झाली.

निधीचा दुसरा मार्ग दंडाचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मालकाकडून प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये वसूल करण्यास सांगितले. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार दंडाच्या रकमेखेरीज शासन प्रत्येक मुलामागे १५,००० रुपये पुनर्वसन निधीत भरते. मुलाची मजुरी थांबल्यावर घरात पडणारी तूट मात्र एवढ्याने भरत नाही.

मनमाडसारख्या रेल्वे जंक्शनवर मात्र अशी जिल्हानिहाय पाहणी अपुरी पडते. येथून जाणारी अनेक मुले त्या जिल्ह्याची नसतात. मे २०२३ मध्ये दानापूर–पुणे एक्सप्रेसमधून बिहारची ५९ मुले बालमजुरीसाठी नेली जात असल्याच्या संशयावरून भुसावळ व मनमाड येथे उतरवण्यात आली, सोबतच्या पाच जणांना अटक झाली. प्रत्यक्षात मुले सांगलीकडे मदरशात शिकायला निघाली होती. गैरसमजातून गुन्हे नोंदले गेल्याचे सांगत रेल्वे पोलिसांनी २०२४ मध्ये ही प्रकरणे बंद केली. अशा शहानिशेसाठी माणसे व पैसा राखून ठेवणे हेही नियोजनच.