अन्नपूर्णा परिक्रमा मार्ग

अन्नपूर्णा परिक्रमा मार्ग हा नेपाळमधील अन्नपूर्णा पर्वतसमूहाभोवती जाणारा अनेक दिवसांचा पदभ्रमण मार्ग आहे. लमजुंग जिल्ह्यातील बेसीसहर (सुमारे ७६० मीटर) येथून तो मर्स्याङ्दी नदीच्या खोऱ्याने उत्तरेकडे मनाङपर्यंत चढतो. तेथून ५,४१६ मीटर उंचीची थोरोंग ला ही खिंड ओलांडून तो मुक्तिनाथला उतरतो आणि काली गंडकीच्या खोऱ्याने दक्षिणेकडे परततो. कोठून चालायला सुरुवात केली आणि कोठे थांबले यानुसार त्याची लांबी साधारण १६० ते २३० किलोमीटर भरते. भातखाचरांपासून तिबेटी पठारासारख्या उजाड मुलखापर्यंतचे भूदृश्य एकाच वाटेवर दिसत असल्यामुळे हिमालयातील पदभ्रमणासाठी परदेशांतून येणारे अनेक प्रवासी हाच मार्ग निवडतात. मात्र २१व्या शतकात त्याचा बराचसा भाग मोटाररस्त्याखाली गेला असून मार्गाचे स्वरूप आणि त्यावरील धोके या दोहोंत बदल झाला आहे.

नाव आणि दिशा

परिक्रमा हा शब्द प्रदक्षिणेची आठवण करून देत असला, तरी हा मार्ग बहुतेक प्रवासी प्रदक्षिणेच्या उलट दिशेने चालतात. प्रदक्षिणेत देवता उजव्या हाताला राहते, येथे अन्नपूर्णा डाव्या हाताला राहते. यामागे धार्मिक नव्हे, तर शारीरिक कारण आहे. पूर्वेकडील चढ दीर्घ असून टप्प्याटप्प्याने मुक्काम करता येतो. मनाङ (सुमारे ३,५०० मीटर), याक खर्क (सुमारे ४,०५० मीटर) आणि थोरोंग फेदी (सुमारे ४,४५० मीटर) येथे रात्री काढल्यानंतर खिंडीच्या दिवशी हजार मीटरांहून थोडी कमी चढाई उरते. उलट दिशेने मुक्तिनाथहून निघाल्यास एकाच दिवशी सोळाशे मीटरांहून अधिक चढावे लागते आणि वाटेत मुक्कामाच्या सोयी फारच थोड्या आहेत.

भूगोल आणि हवामान

अन्नपूर्णा १ (८,०९१ मीटर) हे या पर्वतसमूहातील सर्वोच्च शिखर आहे. मोरीस हेर्झोग आणि लुई लाशनाल या फ्रेंच गिर्यारोहकांनी ३ जून १९५० रोजी ते सर केले. मानवाने माथा गाठलेले ८,००० मीटरांवरील ते पहिले शिखर होय. पश्चिमेला काली गंडकीच्या पलीकडे धौलागिरी (८,१६७ मीटर) आहे. या दोन शिखरांमधून वाहणारी नदी त्यांच्या माथ्यांच्या तुलनेत पाच हजार मीटरांहून अधिक खाली असल्याने ही दरी जगातील सर्वांत खोल दऱ्यांत गणली जाते. हिमालय उंचावत असतानाही नदीने आपले पात्र कापत ठेवले, म्हणून ती पर्वतरांगेच्या आरपार वाहते.

मोसमी वारे पर्वताच्या दक्षिण उतारावर अडतात. पोखऱ्याजवळच्या लुम्ले येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पर्वतामागील मनाङ आणि मुस्ताङ पर्जन्यछायेत असल्याने कोरडे आहेत. सह्याद्रीचा घाटमाथा आणि माण-खटावचा दुष्काळी पट्टा यांच्यातील फरकासारखाच, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावरचा हा प्रकार आहे. पदभ्रमणासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे हे काळ योग्य मानले जातात. हिवाळ्यात बर्फामुळे खिंड अनेकदा बंद होते. काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारच्या सुमारास दक्षिणेकडून जोरदार वारा सुटतो. त्यामुळे जोमसोमची विमाने सकाळीच ये-जा करतात आणि चालणारेही दुपारपूर्वी मुक्काम गाठण्याचा प्रयत्न करतात.

इतिहास

काली गंडकीचे खोरे हा तिबेट आणि भारतीय उपखंड यांच्यातील जुना व्यापारमार्ग होता. उत्तरेकडून मीठ व लोकर आणि दक्षिणेकडून धान्य येथून जात असे. या व्यापारावर थकाली समाजाचे वर्चस्व होते. प्रवाशांना राहण्या-जेवण्याची सोय करून देण्याची त्यांची परंपरा पुढे पदभ्रमण करणाऱ्यांच्या उपयोगी पडली. परकीयांना हा मार्ग पूर्ण चालण्याची मुभा १९७७ मध्ये मिळाली. १९८६ मध्ये अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्र प्रकल्प सुरू झाला. ७,६२९ चौरस किलोमीटरांचे हे नेपाळमधील सर्वांत मोठे संरक्षित क्षेत्र असून त्यात स्थानिक लोक पूर्वीप्रमाणेच राहतात, शेती करतात आणि लॉज चालवतात. प्रवेशशुल्काच्या उत्पन्नातून येथील संवर्धनाची कामे होतात.

मार्ग

सुरुवातीचा टप्पा गुरुंग वस्त्यांच्या, भातशेतीच्या आणि धबधब्यांच्या प्रदेशातून जातो. धारापानीनंतर पाईनची जंगले लागतात. चामे हे मनाङ जिल्ह्याचे मुख्यालय आहे. पिसाङपासून मनाङला जाण्यासाठी दोन वाटा आहेत. खालची वाट रस्त्यालगत आणि सोपी आहे. वरची वाट घ्यारू (सुमारे ३,६७० मीटर) आणि ङावल या गावांतून जाते. ती दमवणारी असली, तरी समोर अन्नपूर्णा २ ते गंगापूर्णा अशी शिखरांची भिंत दिसते आणि मनाङला पोहोचण्याआधीच शरीराला उंचीची थोडी सवय होते. ज्यांच्याकडे एका दिवसाची सवड आहे, त्यांनी खालच्या वाटेने जाण्याचे फारसे कारण नाही. मनाङहून पश्चिमेला, ४,९०० मीटरांहून अधिक उंचीवर तिलिचो सरोवर आहे. तेथे जाऊन येण्यास दोन-तीन दिवस जास्त लागतात.

खिंडीपलीकडचे मुक्तिनाथ हिंदूंचे विष्णुक्षेत्र असून १०८ दिव्यदेशांत त्याची गणना होते. बौद्धही ते पवित्र मानतात. मंदिरामागे १०८ जलधारा आहेत आणि जवळच्या ज्वालामाई मंदिरात नैसर्गिक वायूची ज्योत तेवते. महाराष्ट्रात देवघरात पूजला जाणारा आणि तुळशीच्या लग्नात नवरदेव म्हणून मांडला जाणारा शाळिग्राम याच खोऱ्यातून येतो. भूशास्त्रीयदृष्ट्या तो टेथिस समुद्रातील अमोनाइट या शंखधारी प्राण्याचा जीवाश्म आहे. पुढे कागबेनी, जोमसोम आणि सफरचंदांसाठी प्रसिद्ध असलेले मार्फा ही गावे लागतात. जुना मार्ग त्यानंतर तातोपानीचे गरम झरे आणि घोरेपानीजवळचे पून हिल (३,२१० मीटर) यांवरून नयापूलला संपत असे.

रस्ता आणि त्याचे परिणाम

एकेकाळी ही परिक्रमा पूर्ण करण्यास सुमारे तीन आठवडे लागत. २१व्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत काली गंडकीच्या बाजूने मुक्तिनाथपर्यंत आणि मर्स्याङ्दीच्या बाजूने मनाङपर्यंत मोटाररस्ता पोहोचला. स्थानिकांसाठी ही मोठी सोय आहे. आजारी माणसाला रुग्णालयात नेणे आणि सफरचंदे बाजारात पोहोचवणे सोपे झाले. पदभ्रमण करणाऱ्यांची तक्रार प्रामुख्याने धूळ आणि वाहनांची असते. रस्ता टाळण्यासाठी अनेक ठिकाणी पर्यायी पायवाटा आखून त्यांवर रंगीत खुणा केल्या गेल्या आहेत. जोमसोमला पोहोचल्यावर बहुतेक जण आता जीप किंवा विमानाने पोखऱ्याला परततात.

रस्त्याचा कमी चर्चिला जाणारा परिणाम आरोग्याशी संबंधित आहे. पूर्वी मनाङला पोहोचायला आठवडाभर चालावे लागे आणि त्या काळात शरीर विरळ हवेला सरावत असे. जीपने हेच अंतर एक-दोन दिवसांत कापले जाते. पोखऱ्याहून (सुमारे ८०० मीटर) वाहनाने किंवा विमानाने थेट मुक्तिनाथला जाणाऱ्या यात्रेकरूंचीही हीच स्थिती असते आणि त्यांत वयस्कांचे प्रमाण मोठे असते.

उंचीचा आजार आणि सुरक्षितता

डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे ही उंचीच्या आजाराची प्राथमिक लक्षणे आहेत. तो वाढल्यास फुप्फुसांत पाणी होते किंवा मेंदूला सूज येते आणि वेळीच खाली न उतरल्यास मृत्यू ओढवू शकतो. ३,००० मीटरांच्या वर झोपण्याची जागा रोज सुमारे ५०० मीटरांहून अधिक उंचावू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा वैद्यकीय संकेत आहे. तंदुरुस्ती हे या आजारापासूनचे संरक्षण नव्हे. महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे. त्यामुळे गड-किल्ल्यांवरील वर्षानुवर्षांचा सराव पायांना उपयोगी पडतो, विरळ हवेत मात्र त्याचा आधार नसतो. हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही संस्था १९८१ पासून मनाङ येथे हंगामी मदतकेंद्र चालवते. तेथे डॉक्टर उपलब्ध असतात आणि दुपारी या आजाराविषयी व्याख्यान दिले जाते.

१४ ऑक्टोबर २०१४ रोजी थोरोंग ला परिसरात झालेल्या हिमवादळात व हिमप्रपातांत चाळीसहून अधिक लोक मरण पावले. मृतांत परदेशी प्रवाशांबरोबरच नेपाळी वाटाडे, भारवाहक आणि स्थानिक रहिवासी होते. शेकडो जणांची सुटका करण्यात आली. १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आलेल्या हुदहुद चक्रीवादळाचे अवशेष हिमालयापर्यंत पोहोचल्याने हा हिमवर्षाव झाला होता. ऑक्टोबर हा सर्वांत भरवशाचा महिना मानला जात असल्यामुळे त्या दिवशी खिंडीत गर्दी होती आणि धोक्याची सूचना अनेकांपर्यंत पोहोचलीच नाही.

परवाने

संरक्षण क्षेत्राचा प्रवेश परवाना आणि पदभ्रमण नोंदणीपत्र आवश्यक असते. सार्क देशांच्या नागरिकांना प्रवेश परवान्याचे शुल्क इतर परदेशीयांपेक्षा कमी आहे. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र चालते. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळ पर्यटन मंडळाने परदेशी पदभ्रमणकर्त्यांना परवानाधारक वाटाड्या सोबत घेणे सक्तीचे केले.

पर्यायी मार्ग

सवड कमी असणाऱ्यांना त्याच परिसरातील अन्नपूर्णा आधारतळाचा मार्ग (४,१३० मीटर) सोयीचा पडतो. तो आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होतो, त्यात उंच खिंड नाही आणि शिखरे अधिक जवळून दिसतात. भूदृश्याची विविधता मात्र परिक्रमेइतकी नाही. चार-पाच दिवसच हाताशी असल्यास घोरेपानी व पून हिल ही वाट पुरेशी आहे. रस्त्यापासून दूर राहू इच्छिणारे पूर्वेकडील मनास्लू परिक्रमेकडे वळतात. लार्क्या ला ही पाच हजार मीटरांहून उंच खिंड ओलांडून ती वाट धारापानी येथे अन्नपूर्णा परिक्रमेला येऊन मिळते. मनास्लूचा प्रदेश प्रतिबंधित असल्याने तेथे विशेष परवाना लागतो आणि नोंदणीकृत संस्थेमार्फतच जावे लागते.