पाणथरी काढायची की राखायची?

सायकलवरून पडून मुलाच्या पोटाला मार लागला आणि पाणथरी, म्हणजे प्लीहा, फाटली, तर एके काळी ती काढूनच टाकत. फाटलेली पाणथरी भरून येत नाही आणि ती नसली तरी शरीराचे काही अडत नाही, असा समज होता. नोबेल मिळवणारे स्विस शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांचेही मत तेच होते.

१९५२ मध्ये अमेरिकेतील किंग आणि शूमाकर यांनी या समजाला धक्का दिला. रक्ताच्या जन्मजात आजारामुळे पाणथरी काढलेल्या ५ तान्ह्या बाळांची हकीकत त्यांनी मांडली. त्यांतल्या बहुतेकांना पुढे गंभीर जंतुसंसर्ग झाला होता.

टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयातले डॉक्टर तोवर वेगळ्या वाटेने निघाले होते. मुलाची प्रकृती स्थिर असेल, तर ते पोट उघडत नसत. तिथला अनुभव १९६८ मध्ये उपाध्याय आणि सिम्पसन यांनी प्रसिद्ध केला. यातले उपाध्याय दिल्लीच्या एम्समधले बालशल्यचिकित्सक. हे मत सर्वमान्य व्हायला बरीच वर्षे गेली. आज जगभर हाच रिवाज आहे.

ऑपरेशन टाळणे म्हणजे मुलाला नुसते झोपवून ठेवणे नाही. नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा पाहावे लागते. रक्त आणि ऑपरेशन थिएटर तयार ठेवावे लागते. म्हणून मला प्रश्न पडतो, तालुक्याच्या गावात रात्री दोन वाजता हा पहारा देणारे कोणी नसेल, तर इतक्या वर्षांच्या संशोधनाचा त्या मुलाला काय उपयोग?