मेटफॉर्मिन आणि क्षयरोग

मेटफॉर्मिन : मधुमेहावरील जुने, स्वस्त औषध. क्षयरोगात ते पूरक ठरेल ही शक्यता 2014 मध्ये सिंगापूरच्या संशोधनाने बळावली. जंतूला थेट मारण्याऐवजी ते भक्षक पेशींतील एएमपीके हे विकर चेतवून पेशींनाच जंतुनाशासाठी सज्ज करते. म्हणून औषधरोधाची भीती कमी वाटते. मधुमेही क्षयरुग्णांच्या नोंदींत दिसलेला लाभ मात्र निर्णायक नाही, कारण मूत्रपिंडे निकामी झालेल्यांना ते देत नाहीत. त्यामुळे ते घेणारे आणि न घेणारे यांची तुलना मुळातच विषम ठरते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मेट्रिफ चाचणीत नेहमीच्या औषधांसोबत रोज 1,000 मिग्रॅ. मेटफॉर्मिन देऊनही थुंकी लवकर जंतुमुक्त झाली नाही. पोटाच्या तक्रारी वाढल्या, पण दाहाचे निर्देशक घटले. त्यामुळे मेटफॉर्मिनचा उपयोग असलाच, तर तो फुप्फुसाची हानी रोखण्यात असावा. क्षयाच्या प्रमाणित उपचारांत त्याचा समावेश नाही.