फळ्यावर राहिलेले आकडे

एकाच फळ्यावर दोन वर्ग शिकविण्याचा प्रसंग आपल्या जोयडा तालुक्यातील शिक्षकांना नवा नाही. संगणकाचा प्रक्रियकही अनेक कामे आळीपाळीने करतो. पाळी बदलताना आधीच्या कामाचे आकडे उतरवून ठेवणे ही कर्नेलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, जबाबदारी. १९८० साली अपूर्णांकी गणितासाठी इंटेलची ८०८७ ही जोडचिप आली आणि हे ओझे ९४ बाइटांनी वाढले. बहुतेक कामांना अपूर्णांक लागत नसत. म्हणून १९८२ च्या ८०२८६ मध्ये एक खुणेचा बिट ठेवला गेला. नव्या कामाने अपूर्णांकाला हात लावला, तरच कर्नेलला हाक जाई आणि जुने आकडे तेव्हा हलविले जात.

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये उभारलेल्या परम ८००० मधील टी८०० ट्रान्सप्युटरची रीत निराळी होती. त्यात अपूर्णांकी रजिस्टरांचे दोन संच असत, त्यांपैकी एक तातडीच्या कामांसाठी राखीव. मला ही रीत अधिक सरळ वाटते.

इंटेलवरील दिरंगाईची किंमत २०१८ मध्ये कळली. प्रक्रियक पुढील आज्ञा अंदाजाने आधीच करून पाहतो. त्या ओघात मागच्या कामाचे न पुसलेले आकडे नव्या कामाला ताडता येत होते. त्यांत गुप्तलेखनाच्या किल्ल्याही असू शकत. लिनक्सने मात्र २०१६ मध्येच ही दिरंगाई सोडली होती. तीही सुरक्षेसाठी नव्हे, वेगासाठी आणि सुटसुटीतपणासाठी.