जिजाऊंच्या नावाचा करंडक आणि कुरुळीची वेस : मुलींच्या फुटबॉल क्लबचा इतिहास (थ्रेड)

भारतातील महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या करंडकाला राजमाता जिजाबाईंचे नाव आहे. सिंदखेडराजा, शिवनेरी, लाल महाल, पाचाड अशी ज्यांची चरित्ररेषा महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते, त्या जिजाऊंचे. आता विजेत्यांची यादी पाहावी. मणिपूर, मणिपूर, पुन्हा मणिपूर. मध्ये कुठे बंगाल, एकदा ओडिशा, एकदा रेल्वे, दोनदा तमिळनाडू. महाराष्ट्राचे नाव शोधूनही सापडत नाही. जिजाऊंचा करंडक वारंवार गेला तो इम्फाळला.

असे का झाले, याचे उत्तर ‘आपल्याकडे क्रिकेटचे वेड’ या एका वाक्यात देण्याची प्रथा आहे. ते उत्तर अपुरे आहे. क्रिकेटचे वेड कोल्हापुरातही आहे आणि तरीही तेथे फुटबॉलच्या सामन्याला पेठाच्या पेठा लोटतात. खरा प्रश्न वेगळा आहे. मुलीला चेंडू कोणी दिला, यापेक्षा मुलीला सभासद करून कोणी घेतले, हे विचारायला हवे. खेळ अंगणात, गल्लीत, शाळेच्या मधल्या सुट्टीतही शिकता येतो. पण मैदान, प्रशिक्षक, गणवेश, वयोगटाचा संघ, पुढच्या वर्षी पुन्हा भरणारी स्पर्धा, हे सारे क्लब देतो. मुलींच्या फुटबॉलचा इतिहास म्हणजे मुलींना क्लबच्या दारातून आत घेण्याचा, किंवा न घेण्याचा, इतिहास आहे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा इंग्लंडमध्ये मिळतो, आणि चाकण-पिंपरीच्या वाचकाला तो ओळखीचा वाटेल, कारण त्याचा आरंभ कारखान्यात होतो. प्रेस्टन शहरात डिक, कर अँड कंपनी हा ट्राम व रेल्वेचे साहित्य बनवणारा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात तेथे दारूगोळा तयार होऊ लागला. पुरुष आघाडीवर गेलेले, यंत्रांवर मुली. त्या जेवणाच्या सुट्टीत चेंडू लाथाडू लागल्या आणि १९१७ च्या नाताळात डीपडेल मैदानावर त्यांच्या संघाचा सामना पाहायला सुमारे १०,००० लोक आले. तीन वर्षांनी, २६ डिसेंबर १९२० रोजी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर हा आकडा ५३,००० च्या घरात गेला.

पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, असे त्यात म्हटले होते. परंतु ठरावाचा दात दुसऱ्या वाक्यात होता : संलग्न क्लबांनी आपली मैदाने महिलांच्या सामन्यांना देऊ नयेत. खेळण्यावर बंदी नव्हती, मैदानावर होती. एवढे पुरेसे ठरले. ती बंदी उठायला १९७१ साल उजाडले. पश्चिम जर्मनीच्या संघटनेनेही १९५५ मध्ये जवळपास हाच मार्ग धरला आणि १९७० पर्यंत तो सोडला नाही. ब्राझीलने तर १९४१ मध्ये सरकारी हुकूमच काढला.

महाराष्ट्रात असा ठराव कोणी केला नाही. करण्याची गरज पडली नाही, असे म्हणणे अधिक खरे.

त्यासाठी कोल्हापूरकडे पाहावे. महाराष्ट्रातील सर्वांत जिवंत फुटबॉल संस्कृती येथे आहे आणि तिची क्लबव्यवस्था अस्सल देशी आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम : संघांची ही नावे कुस्तीच्या आखाड्यांची आहेत. लाल मातीचा हौदा, भिंतीवर मारुतीची तसबीर, खुराक, जोर-बैठका, वस्ताद. पेठेतल्या पोराला तालमीत धाडणे म्हणजे त्याला पेठेच्या अब्रूचा वाटेकरी करणे. फुटबॉल आला तेव्हा त्याला नव्या संस्थेची गरज भासली नाही. तालमीने तो आपल्या अंगाखांद्यावर घेतला. राजर्षी शाहू स्टेडियमवर आजही सामना दोन संघांत असला तरी लढत दोन पेठांत असते.

हे वैभव निर्विवाद आहे. पण याच वैभवाची दुसरी बाजू अशी की, तालमीचा उंबरा पुरुषांचा होता. तालमीत लंगोट लावून व्यायाम चालणार, पोरे रात्री तेथेच झोपणार. तेथे मुलगी सभासद होण्याची कल्पनाही कोणाच्या मनात आली नसती. कुणी तिला अडवले असे नाही. अडवण्याची वेळ येईपर्यंत ती तेथे पोहोचतच नव्हती. जी संस्था मुलाला जन्मतःच जवळची होती, ती त्याच्या बहिणीला त्याच गल्लीत राहूनही परकी राहिली. पेठेच्या संघाचा रंग तिचाही होता, फक्त तो अंगावर घालायला तिला मिळत नव्हता.

मणिपूरशी तुलना येथे करावी. तेथेही क्लब वस्तीचाच, लैकाईचा. म्हणजे साचा कोल्हापूरसारखाच. फरक एवढाच की, त्या साच्यात मुलींना हळूहळू जागा झाली. ‘तेथे इमा कैथेल हा स्त्रियांचा बाजार आहे ना, म्हणून’ असे म्हणून हा विषय मिटवणे आळशीपणाचे ठरेल. कारण तेथेही दार सहज उघडले नव्हते. भारताची दीर्घकाळ कर्णधार राहिलेली ओइनाम बेमबेम देवी लहानपणी मुलांच्या संघात खेळे ती ‘बोबो’ किंवा ‘अमको’ या नावाने, मुलगा म्हणून. खरे नाव सांगितले असते तर ती मुलगी आहे हे कळले असते आणि बाहेर बसावे लागले असते. पुढे याच बेमबेम देवींना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या राज्याने जिजाऊंचा करंडक सर्वाधिक वेळा नेला, तेथल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला पहिला प्रवेश खोट्या नावाने घ्यावा लागला, हे लक्षात ठेवावे.

आता पुण्याकडे. १९७० च्या दशकात भारतीय स्त्रियांनी एक वेगळीच युक्ती योजली. पुरुषांच्या संघटना दार उघडत नाहीत ना, मग आपले घर वेगळे बांधावे. १९७३ मध्ये महिला क्रिकेटची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिली राष्ट्रीय महिला क्रिकेट स्पर्धा भरली ती पुण्यात. संघ तीनच : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, याच धर्तीवर महिला फुटबॉलची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभी राहिली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ पासून अस्तित्वात होता. तो या घडामोडीत नव्हता.

या वेगळ्या घराने काय साधले ते पाहण्यासारखे आहे. जानेवारी १९८० मध्ये कालिकतला आशियाई महिला स्पर्धा भरली. भारताने चक्क दोन संघ उतरवले, ‘इंडिया एस’ आणि ‘इंडिया एन’. त्यांतील पहिला अंतिम फेरीत पोहोचला आणि तैवानकडून ०-२ असा हरला. १९८३ मध्ये थायलंडमध्ये भारत पुन्हा उपविजेता. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिला. आशियात दुसरे स्थान, तेही सरकारी पाठबळ जेमतेम असताना. मग पुढे घसरण का झाली?

कारण राष्ट्रीय संघ होता, राज्यांचे संघही होते. खाली क्लब नव्हते. स्पर्धा जवळ आली की निवड चाचणी, शिबिर, प्रवास, सामने आणि मग सारे घरी. पुढच्या पिढीच्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला आठवड्यातून तीन दिवस जाता येईल अशी जागा या व्यवस्थेत कुठेच नव्हती. छप्पर घातले होते, भिंती बांधायच्या राहिल्या होत्या.

१९९० च्या दशकाच्या आरंभी महिला फुटबॉल अखिल भारतीय महासंघाच्या छत्राखाली आला आणि १९९१-९२ पासून महासंघाची राष्ट्रीय महिला स्पर्धा सुरू झाली. पुरुषांची संतोष करंडक स्पर्धा १९४१ ची. मध्ये बरोबर अर्धे शतक. शाळांची सुब्रतो चषक स्पर्धा १९६० मध्ये सुरू झाली. तिच्यात मुलींचा गट आला २०१२ मध्ये. येथेही पन्नासहून अधिक वर्षे. दोन्ही वेळा जवळपास तेवढाच उशीर व्हावा हा योगायोग असेल, पण त्या काळात जन्मलेल्या मुलींना योगायोगाचा काय उपयोग?

क्लबला प्रथमच खरे महत्त्व आले ते इंडियन विमेन्स लीगमुळे. तिच्या पहिल्या मोसमाची अंतिम फेरी जानेवारी-फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर झाली. सहा संघ. त्यांत इंडियन सुपर लीगमधील क्लबचा महिला संघ एकच होता, आणि तो पुण्याचा : एफसी पुणे सिटी. कोलकात्याच्या, गोव्याच्या, मुंबईच्या नामांकित क्लबांनी जे केले नाही ते पुण्याने केले होते. त्याच सहांत हरियाणातील अलखपुरा या एका खेड्याचा संघही होता. विजेतेपद मात्र इम्फाळच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने नेले, अंतिम सामना ३-० ने जिंकून.

अलखपुरा आणि पुणे ही जोडी विचार करायला लावणारी आहे. एकीकडे भिवानी जिल्ह्यातील गाव, दुसरीकडे व्यावसायिक क्लब. २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे एफसी पुणे सिटी बंद झाला आणि सुपर लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली. संघ गेला की त्याच्याबरोबर मुलींची वाटही गेली. पैशावर उभा राहिलेला क्लब पैसा आटताच बसतो. वस्तीवर उभा राहिलेला क्लब वस्ती असेपर्यंत तग धरतो. त्याच सुमारास, २०१८-१९ च्या मोसमात, एफसी कोल्हापूर सिटी लीगमध्ये उतरला. कोल्हापूरच्या मुली राष्ट्रीय लीगपर्यंत गेल्या त्या तालमीच्या नावाने नव्हे, नव्या क्लबच्या नावाने. उंबरा ओलांडता येत नसेल तर शेजारी दुसरे दार पाडावे लागते.

जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. यजमान भारताने इराणशी ०-० अशी बरोबरी साधली आणि मग संघात कोरोना शिरला. तैवानविरुद्ध उतरवायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत. नियमानुसार भारताला स्पर्धेबाहेर जावे लागले. त्याच स्पर्धेत ३० जानेवारीला बालेवाडीत फिलिपिन्सने तैवानला पेनल्टी किकवर हरवले आणि इतिहासात प्रथमच विश्वचषकाचे तिकीट मिळवले. पुढच्या वर्षी त्यांनी विश्वचषकात न्यूझीलंडला त्यांच्याच भूमीवर हरवले. फिलिपिन्सच्या महिला फुटबॉलचा सर्वांत मोठा दिवस पुणे शहराच्या हद्दीत घडला, आणि पुण्यातल्या किती जणांना तो ठाऊक आहे?

भारताने विश्वचषक नव्हे, पण आशिया चषकाची पात्रता मैदानावर मिळवली ती जुलै २०२५ मध्ये. चियांग माईला थायलंडवर २-१ असा विजय. दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे.

बालेवाडीहून कुरुळी फार लांब नाही. मोशी मागे टाकली, इंद्रायणीचा पूल ओलांडला की पुणे-नाशिक रस्त्यावर खेड तालुक्यातले हे गाव लागते. एकेकाळी ज्वारी-बाजरीचा, आज गोदामांचा, कंटेनरांचा आणि भाड्याच्या खोल्यांचा हा पट्टा. चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शायिस्तेखानाविरुद्ध छप्पन्न दिवस लढवला, हे येथल्या पोरांना ठाऊक असते. त्याच चाकणच्या परिसरात २००९ नंतर जगातल्या बड्या मोटार कंपन्यांनी कारखाने थाटले.

या तालुक्याला मैदान राखता येत नाही, असे कोणी म्हणू नये. गावोगाव बैलगाडा शर्यतींचे घाट आहेत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळेपर्यंत सात वर्षे त्यासाठी लढा चालला, पण गावांनी शर्यतीचा नाद सोडला नाही. परंपरेसाठी जागा राखण्याची ही चिकाटी मोठीच आहे. मुलींच्या फुटबॉलला तिच्यातील चतकोर वाटा पुरेल.

आज या पट्ट्यातील तेरा वर्षांखालील मुलीला क्लबात नाव घालायचे असेल तर ‘बोबो’ व्हावे लागत नाही. उलट खऱ्या नावाचा कागद लागतो. महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत खेळाडूची नोंद होते, तिला जन्मदाखला हवा. वय चोरण्याचे प्रकार एवढे झाले की मनगटाच्या हाडांची चाचणीही आली. नियम योग्य आहे. मात्र कुरुळीच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबे मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली. मुलीचा दाखला गावाकडच्या ट्रंकेत, किंवा मुळात काढलेलाच नसतो. तो आणायचा तर बापाला पगार बुडवून जावे लागते.

त्यानंतर उरतो रस्ता. सराव संध्याकाळी असतो, म्हणजे जनरल शिफ्ट सुटण्याच्या वेळी. तेव्हा नाशिक महामार्गावर मोशीपासून चाकणपर्यंत ट्रकांची रांग लागलेली असते. खेळायचे बूट पिशवीत घालून निघालेल्या मुलीला तो रस्ता ओलांडून द्यायला घरातले कोण मोकळे आहे, यावर तिची नोंदणी ठरते. आई पॅकिंगच्या लाइनवर असेल तर मोठा भाऊ. भाऊ क्रिकेटला गेला असेल तर शेजारची, तिच्याएवढीच, त्याच संघात नाव घातलेली दुसरी मुलगी.