घरपट्टी, मंडई आणि मुलींची शाळा

‘जालना, सोने का पालना’ ही आपल्या गावाची म्हण लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. पाळणा सोन्याचा असला तरी तो हलता ठेवायला कोणीतरी दोरी ओढावी लागते. गावाच्या बाबतीत ही दोरी म्हणजे कर होय. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, सफाई यांचे पैसे आपण भरतो आणि त्यावर गाव चालते. पण घरपट्टीची नोटीस दारात आली की आपल्या आळीत जी चर्चा होते ती बहुधा ‘किती वाढली’ एवढ्यावरच थांबते. कशासाठी वाढली, कोणी वाढवली आणि पैसे अपुरे पडले तेव्हा कोणत्या कामाला कात्री लागली, हे आपण क्वचितच विचारतो. घरात मात्र आपण असे कधी वागत नाही. महिनाअखेर हात आखडला तर तेलात कपात करावी की दुधात, याचा विचार गृहिणी रोज करते. गावाचा संसार त्याहून वेगळा नाही. हे प्रश्न आपल्या महाराष्ट्रात पूर्वी कोणी व कसे विचारले, त्याची हकीगत मंडळाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने भगिनींपुढे ठेवीत आहे.

पहिली हकीगत मुंबईची. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू असताना तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली ते युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि कित्येक श्रीमंत घराणी एका वर्षात धुळीस मिळाली. नेमके त्याच वर्षी मुंबईला आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर मिळाले. माणूस धडाडीचा होता. गटारे, रस्ते, सफाई, बाजार अशी कामे त्यांनी झपाट्याने हाती घेतली. त्यांच्या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत १८६९ मध्ये पुरी झाली. शहराची रोगराई कमी झाली, हे त्यांचे विरोधकही नाकारू शकत नव्हते. परंतु खर्च करणारा हात एकच होता आणि त्या हाताला धरणारे कोणी नव्हते. देखरेखीसाठी ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळी होती खरी, पण ती सरकारने नेमलेली. करदात्याने निवडून दिलेला एकही सभासद नव्हता. व्यापार बसलेला, कर चढलेले आणि म्युनिसिपालिटीच्या डोक्यावर कर्ज, अशी शहराची स्थिती झाली.

१८७१ साली करदाते उठले. जस्टिसांच्या सभेत जेम्स फोर्ब्स यांनी कमिशनरांच्या कारभाराविरुद्ध आघाडी उघडली. नौरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक, सोराबजी शापुरजी बंगाली अशी वजनदार माणसे या चळवळीत होती. बहुतेकांचा रोख क्रॉफर्डसाहेबांवर होता. त्या गदारोळात सव्वीस वर्षांचे एक तरुण बॅरिस्टर, फिरोजशहा मेहता, नोव्हेंबरमध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एक निबंध वाचण्यास उभे राहिले. कामे झाली ती गरजेचीच होती आणि कारभार एका कार्यक्षम अधिकाऱ्याच्या हाती असणेही योग्यच, असे त्यांचे म्हणणे होते. दोष त्यांना दिसला तो वेगळाच. त्या अधिकाऱ्याकडून हिशेब मागणारी, करदात्यांनी निवडलेली सभा नाही, हे खरे दुखणे असे त्यांनी सांगितले. सभेला ते रुचले नाही. रागावलेल्या माणसाला कारण नको असते, माणूस हवा असतो! पण १८७२ च्या कायद्याने मुंबईला चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन मिळाली आणि त्यांतले बत्तीस, म्हणजे बरोबर निम्मे, करदात्यांनी निवडायचे ठरले. मत देण्याचा हक्क सधन करदात्यांपुरताच होता आणि सभासदांत स्त्री तर एकही नव्हती. तरीही कर देणाराने हिशेब मागावा, ही गोष्ट कायद्यात आली ती त्या कटकटीतून.

दुसरी हकीगत पुण्याची. महात्मा जोतिराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारच्या मर्जीने मत द्यावे, अशी त्या काळची रीत होती. १८८० साली व्हाइसरॉय पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा विषय निघाला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे जोतिरावांनी कळवले आणि सभेत विरुद्ध मत दिले. सरकारनियुक्त सभासदांत असे मत देणारे ते एकटेच निघाले. ठराव अर्थात मंजूर झाला. त्यानंतर नव्या मंडईचा प्रश्न आला. शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात बसणाऱ्या बाजारकऱ्यांसाठी मोठी दगडी मंडई बांधण्याचे घाटत होते. गावात गरिबांच्या मुलांना शाळा नाहीत आणि इमारतीवर एवढा पैसा कशाला, असा जोतिरावांचा आक्षेप होता. मंडई मात्र झाली. १८८६ मध्ये ती उघडली आणि गव्हर्नरांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

काळाची गंमत अशी की, ही पुण्याची मंडई आणि मुंबईचे ते क्रॉफर्ड मार्केट, दोन्ही आज महात्मा फुले यांच्या नावाने आहेत. ज्या मंडईला त्यांनी विरोध केला तिच्यावरच त्यांचे नाव आहे. मंडईचा उपयोग पुणेकरांना आजतागायत होतो, तेव्हा ती बांधणारे सगळेच चुकले असे म्हणता येणार नाही. पण आधी काय आणि मागून काय, हा जोतिरावांचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही.

तिसरी हकीगत आपल्याला सर्वांत जवळची. १९१८ साली मुंबई इलाख्यात एक कायदा झाला. विठ्ठलभाई पटेल यांनी तो आणला होता. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा नगरपालिकांना त्याने मिळाली. पुण्यात चर्चा सुरू झाली आणि लगेच पैशाचा मुद्दा पुढे आला. मुलगे आणि मुली दोघांसाठी शाळा काढायच्या तर तिजोरीत तेवढे कोठून आणायचे? लोकमान्य टिळकांच्या पक्षाचे म्हणणे असे पडले की, आहे त्या पैशात आधी मुलग्यांपासून सुरुवात करावी. वरवर पाहता यात गैर काय दिसते? अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपणही म्हणतोच. पण अंथरूण अपुरे पडले म्हणजे उघडे कोणी निजायचे हे आधीच ठरलेले असते, आणि ते बहुधा मुलीच्याच वाट्याला येते!

हे मान्य न करणारांत रँग्लर र. पु. परांजपे होते, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे होते. पुण्यात १९०९ पासून सेवासदन चालवणाऱ्या रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना घराबाहेर काढले. १९२० साली मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी पुण्याच्या रस्त्यावरून स्त्रियांची मिरवणूक निघाली. सभांमधून वादळ उठले. नगरपालिकेचे अंदाजपत्रक हा आपला विषय आहे, असे सर्वसाधारण घरच्या बायकांनी उघडपणे सांगितले. आपल्याकडे असे क्वचितच घडले होते. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळाने स्त्रियांना मताचा हक्क देण्याचा ठराव केला. १९२३ मध्ये अवंतिकाबाई गोखले मुंबई कॉर्पोरेशनच्या सभासद झाल्या.

आता आपल्या गावाकडे वळू. मुंबई-पुण्यात हे सारे घडत होते तेव्हा जालना निजामच्या राज्यात होते आणि तेथे प्रजेला जबाबदार असा कारभार नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि २०२३ मध्ये आपल्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली. मध्यंतरी, १९९९ मध्ये, नगरपालिकांची जकात बंद झाली. नाक्यावर रोज पडणारा पैसा गेला आणि गावाच्या स्वतःच्या उत्पन्नात मुख्य आधार उरला तो घरपट्टीचा. बाकीच्यासाठी सरकारी अनुदानाकडे डोळे लावणे आले.

खर्च मात्र वाढत गेला. पाण्याचेच पाहा. निजामकाळातला घाणेवाडीचा तलाव गावापेक्षा उंचावर. त्याचे पाणी उताराने आपोआप गावात येते. गाव वाढले, तलाव गाळाने भरला, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने टँकरपुढे घागरींच्या रांगा पाहिल्या. त्या सुमारास गावकऱ्यांनी वर्गणी काढून घाणेवाडीचा गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो शेतात नेला, ही अभिमानाची गोष्ट आहे. जायकवाडीहून पैठणचे पाणीही आले. पण पैठण खाली आणि जालना वर, तेव्हा ते पाणी पंपाने चढवावे लागते आणि पंपाला वीज लागते. नळ उघडला की विजेचे बिलही चालू होते, एवढे ध्यानात ठेवले तर पाणीपट्टीचा अर्धा उलगडा होतो.

घरपट्टीचेही असेच आहे. घराला वर्षाकाठी किती भाडे येऊ शकेल याचा अंदाज करतात, त्यातून दुरुस्तीचे म्हणून दहा टक्के वजा करतात आणि उरलेल्या रकमेवर कर बसतो. त्याच बिलात शिक्षणकर असतो, तो गावाकडे राहत नाही, राज्य सरकारकडे जातो. आकारणी वाढली तर नोटीस येते आणि हरकत घेण्याची मुदत तिच्यातच छापलेली असते. मुदत टळल्यावर ओट्यावर बसून केलेली तक्रार कोणाच्या दप्तरी जात नाही. महानगरपालिकेच्या कायद्याप्रमाणे पुढील वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरायचे असतात. म्हणजे बोलायचे ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांतच!

नगरपालिकेची मुदत संपल्यावर मधली काही वर्षे आपल्याकडे निवडून आलेली सभा नव्हती. अंदाजपत्रक प्रशासकच करीत आणि प्रशासकच मंजूर करीत. क्रॉफर्डसाहेबांच्या मुंबईचीच ही आठवण होय. जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची पहिली निवडणूक झाली. २०११ पासून महाराष्ट्रात अशा सभागृहांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ज्या हक्कासाठी रमाबाईंना रस्त्यावर उतरावे लागले, तो आज आपल्या हाती आयता आला आहे.

भगिनींनो, कर नकोच, असे म्हणून गाव चालणार नाही. थकबाकी ठेवणारा शेजारी आपल्याच दिव्याचे तेल कमी करतो. पण मागतील तेवढा मुकाट्याने भरणे म्हणजेही नागरिकपणा नव्हे. आपल्या मंडळाने दर वर्षी माघ महिन्यात एक दुपार राखून ठेवावी. आपल्या प्रभागाच्या नगरसेविकेला आदराने बोलवावे, अंदाजपत्रकाची प्रत समोर ठेवावी आणि चारच गोष्टी विचाराव्यात: पाण्याला किती, सफाईला किती, शाळा-दवाखान्याला किती, आणि कमी पडले तर कात्री कोठे लावणार? भिशीचा हिशेब पैन् पै जुळवणाऱ्या बायकांना हे जड जाणार नाही. उत्तर मनाजोगे मिळेल असे नाही. जोतिरावांनाही ते मिळाले नव्हते. पण कात्री चालवणाऱ्याला कोणीतरी पाहत आहे, एवढे कळले तरी ती पुष्कळदा योग्य जागी पडते.